दिल्लीची साथ, पुण्याचा तपास

१९५५ च्या पावसाळ्यात यमुनेला आलेला महापूर ओसरू लागला तेव्हा नदीने आपले पात्र पूर्वेकडे सरकवले, आणि वझिराबाद येथे ज्या ठिकाणाहून दिल्ली शहराचे पाणी उपसले जात असे त्या ठिकाणापासून मुख्य प्रवाह दूर गेला. शहराची घाण वाहून आणणारा नजफगडचा नाला या ठिकाणाच्या खालच्या अंगाला नदीला मिळत असे. नदी भरून वाहत होती तोवर ती घाण पुढे निघून जाई. परंतु पात्र सरकल्यावर तेथे पाण्याला ओढच उरली नाही, नाल्याचे पाणी उलट वर चढू लागले, आणि नोव्हेंबरच्या मध्यास सुमारे आठवडाभर राजधानीच्या नळांतून जे पाणी घरोघर पोहोचले त्यात मैल्याचा फार मोठा अंश मिसळलेला होता. पाणीपुरवठा खात्याच्या ही गोष्ट ध्यानात आली नव्हती असे नाही. त्यांनी क्लोरीनचे प्रमाण तातडीने वाढवले आणि त्याचा गुणही आला. विषमज्वराचे रोगी वाढले नाहीत, आमांशाची साथ उठली नाही, आणि संकट टळले असे समजण्यास पुरेसे कारण मिळाले.

डिसेंबर उजाडला आणि शहरात डोळे पिवळे पडलेले, अन्नाचा तिटकारा आलेले, गर्द रंगाची लघवी होणारे रोगी दवाखान्यांत दिसू लागले. जानेवारी संपेपर्यंत त्यांची संख्या हजारांवर गेली. डॉ. आर. विश्वनाथन यांनी या साथीचा जो पद्धतशीर अभ्यास केला आणि १९५७ साली प्रसिद्ध केला, त्यात उघड कावीळ झालेल्यांचा अंदाज २९,३०० इतका आहे, आणि कावीळ न दिसता ज्यांना केवळ संसर्ग झाला त्यांची संख्या याहून कितीतरी अधिक. दूषित पाण्याचा तो आठवडा आणि रोग्यांची ती गर्दी यांच्यामध्ये साधारणपणे सहा आठवड्यांचे अंतर होते. रोगाचे बीज शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत जी मुदत जाते ती एका शहराच्या पाण्याच्या इतिहासावरून इतक्या नेमकेपणाने मोजता यावी, असा प्रसंग रोगराईच्या अभ्यासात क्वचितच येतो.

त्या काळी काविळीच्या विषाणूंची परीक्षा करण्याचे कोणतेही साधन कोणापाशी नव्हते. मॅकॅलम या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४७ साली असे सुचवले होते की, अन्नपाण्यावाटे पसरणाऱ्या संसर्गजन्य काविळीला ‘ए’ म्हणावे आणि रक्तावाटे, सुईवाटे पसरणारीला ‘बी’. परंतु हा भेद रोग पसरण्याच्या वाटेवरून केलेला होता, विषाणू पाहून नव्हे. दिल्लीची साथ पाण्याची, म्हणून ती ‘ए’ची, असे सर्वांनी गृहीत धरले आणि पुढे पंचवीस वर्षे हाच निर्णय ग्रंथांतून नोंदला गेला. मात्र विश्वनाथन यांच्या तपशिलांत दोन गोष्टी अशा होत्या की त्या या निर्णयाशी जुळत नव्हत्या. साथ मुलांत फारशी नव्हती. पंधरा ते चाळीस या वयाच्या धडधाकट माणसांत तिचा जोर होता. आणि इतर रोग्यांत मृत्यू विरळा असताना, कावीळ झालेल्या गरोदर स्त्रियांपैकी शंभरांत दहाच्या आसपास दगावल्या होत्या.

या दोन नोंदींचे महत्त्व त्या वेळी कोणाला उलगडले नाही, तरी त्या जशाच्या तशा लिहून ठेवल्या गेल्या आणि त्याबरोबर रुग्णांच्या रक्ताचे नमुनेही गोठवून जपले गेले, याबद्दल त्या पिढीच्या वैद्यांचे ऋण मानावे तेवढे थोडे आहे. ज्याची परीक्षा आज करता येत नाही ते रक्त उद्याच्या परीक्षेसाठी सांभाळून ठेवणे, यात शास्त्रावरची केवढी निष्ठा आहे! कारण मनुष्याचे रक्त हे एक दप्तरच होय: जो जो विषाणू शरीरात येऊन जातो त्याच्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते, आणि त्यांतला एक प्रकार, ज्याला आयजीएम म्हणतात, तो आजाराच्या आरंभी उमटून काही महिन्यांत मावळतो, तर आयजीजी नावाचा दुसरा प्रकार वर्षानुवर्षे, पुष्कळदा जन्मभर टिकतो. म्हणून केवळ आयजीजी सापडल्यास हा विषाणू पूर्वी कधीतरी येऊन गेला असे समजावे, आणि आयजीएम सापडल्यास तो आता आला आहे असे समजावे. काविळीच्या निदानाचा एक मोठा पाया हा भेद आहे.

पुढच्या पंचवीस वर्षांत हे दप्तर वाचण्याची साधने एकेक करून हाती येत गेली. बारूक ब्लुमबर्ग हे अमेरिकी शास्त्रज्ञ निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातील आनुवंशिक भेद शोधत असता, ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तातील एक प्रथिन, ज्याला अनेकदा रक्त चढवले गेले होते अशा एका अमेरिकी रोग्याच्या प्रतिपिंडांशी संयोग पावते असे त्यांना आढळले. १९६५ साली प्रसिद्ध झालेला हा ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ म्हणजे वस्तुतः ‘बी’ विषाणूचे बाह्य आवरण होते, हे पुढील दोनतीन वर्षांत सिद्ध झाले. रक्तपेढ्यांत आजही होणारी परीक्षा तीच. १९७३ साली फाइनस्टोन, कॅपिकियन आणि पर्सेल यांनी अमेरिकेत ‘ए’ विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिला, आणि लवकरच त्याच्या प्रतिपिंडांची परीक्षाही शक्य झाली. या मार्गात एक काळा अध्यायही आहे, आणि तो वगळून ही हकीकत सांगणे मला प्रशस्त वाटत नाही. न्यूयॉर्कमधील विलोब्रुक येथील मतिमंद मुलांच्या शाळेत ‘ए’ आणि ‘बी’ यांचा भेद निश्चित करण्यासाठी मुलांना बुद्धिपुरस्सर संसर्ग देण्यात आला होता. त्यांच्या पालकांच्या सह्या घेतलेल्या होत्या, तरी ज्यांना नकार म्हणजे काय हेच कळत नव्हते अशा मुलांच्या शरीरातून मिळवलेले ते ज्ञान आहे.

ही दोन्ही साधने हाती आल्यावर दिल्लीच्या जपलेल्या रक्ताची पाळी आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील, जी १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र या नावाने स्थापन झाली होती, श्रीनिवासन, प्रसाद आणि संस्थेच्या संचालिका खोर्शेद पावरी यांनी अमेरिकेतील वाँग व पर्सेल यांच्यासह भारतातील काविळीच्या नमुन्यांची परीक्षा करून १९८० साली आपला निष्कर्ष जाहीर केला. दिल्लीच्या रुग्णांच्या रक्तात ‘ए’ची जुनी खूण होती, नवी नव्हती, म्हणजे ती माणसे ‘ए’ला बालपणीच भेटून चुकली होती आणि त्यांना ‘ए’ पुन्हा होण्याचा संभव नव्हता. ‘बी’नेही या साथीचा उलगडा होत नव्हता. ज्या साथीला पंचवीस वर्षे ‘ए’ची उत्तम साथ म्हणून पाठ्यपुस्तकांत स्थान होते, ती ‘ए’ची नव्हतीच.

त्याच सुमारास काश्मीरमध्ये डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला होता. १९७८ च्या नोव्हेंबरपासून खोऱ्यातील गावांत काविळीची प्रचंड साथ उसळली, सुमारे ५२,००० माणसे आजारी पडली आणि १,७०० दगावली. पाणी नाल्याचे, रोगी तरुण, आणि मृत्यू पुन्हा गरोदर स्त्रियांत. नागर, ग्रामीण असा कोणताही भेद न जुमानता हा रोग एका विशिष्ट वयाला आणि एका विशिष्ट अवस्थेला गाठतो हे आता दोनदा सिद्ध झाले होते. विषाणू हाती लागला नव्हता, पण त्याची चाल सापडली होती. अशा वेळी १९८३ मध्ये मॉस्कोचे शास्त्रज्ञ मिखाइल बालायान यांनी अफगाणिस्तानात आजारी पडलेल्या सोव्हिएट सैनिकांच्या मैल्याचा अर्क स्वतः प्राशन केला. त्यांना ‘ए’ पूर्वी होऊन गेलेला असल्यामुळे त्यांच्या शरीरात जे होईल ते ‘ए’चे नव्हे हे निश्चित होते. महिनाभरानंतर त्यांना कावीळ झाली, आणि त्यांच्या विष्ठेत नव्या विषाणूचे कण सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. १९९० साली त्याच्या आनुवंशिक रचनेचा काही भाग हाती आला आणि त्याला ‘ई’ हे नाव रूढ झाले. मधल्या ‘सी’ आणि ‘डी’ या अक्षरांपैकी ‘डी’ हा स्वतंत्रपणे जगू न शकणारा, ‘बी’च्या आश्रयाने वाढणारा विषाणू रिझेट्टो यांनी इटलीत १९७७ साली ओळखला होता, आणि रक्त चढवल्यानंतरच्या काविळीला कारणीभूत असणारा ‘सी’ १९८९ मध्ये उघडकीस आला.

आता भिन्न समाजांत हे विषाणू भिन्न रीतीने का वावरतात, याचे उत्तर देण्यास पुण्याच्या संस्थेचेच आणखी एक काम फार उपयोगी पडते. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील निरनिराळ्या वयांच्या लोकांचे १९८२ सालचे आणि पुन्हा १९९२ सालचे रक्त तपासून ‘ए’ आणि ‘ई’ यांच्या जुन्या खुणा वयानुसार मांडल्या. ‘ए’ची खूण लहानपणीच जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तात होती. ‘ई’ची खूण मात्र लहान मुलांत फारच थोडी, तारुण्यात वाढत जाणारी, आणि प्रौढ वयातही निम्म्याहून अधिक लोक तिच्यावाचून राहिलेले. दोन्ही विषाणू मैल्यावाटे पाण्यात उतरतात, दोन्ही एकाच नळाने घरात येतात, एकाच शहरात वावरतात, आणि तरीही एक बालपणात सर्वांना गाठतो व दुसरा मोठेपणी काहींना. ‘ई’ घरातील एका रोग्यापासून दुसऱ्याला क्वचितच जडतो; त्याला पसरण्यासाठी पाणीच मोठ्या प्रमाणावर बिघडावे लागते, आणि म्हणून त्याच्या साथी पूर, फुटलेली जलवाहिनी, गटाराला खेटून गेलेला नळ अशा घटनांच्या मागोमाग उठतात. इचलकरंजीला २०१२ साली आलेली काविळीची साथ ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना हे निराळे सांगण्याची गरज नाही.

यातून एक परिणाम असा निघतो की तो पहिल्या श्रवणी विपरीत वाटतो. ‘ए’ बालवयात झाल्यास बहुतेक मुलांना कावीळ दिसतही नाही. दोन दिवस मलूल राहून मूल पुन्हा खेळू लागते आणि जन्मभराचे संरक्षण मिळवते. तोच विषाणू पंचविशीत किंवा चाळिशीत झाला तर महिनाभर अंथरुण धरावे लागते आणि क्वचित प्राणावरही बेतते. १९८२ ते १९९८ या अवधीत पुण्यातील सधन घरांतील मुलांच्या रक्तात ‘ए’ची खूण पूर्वीपेक्षा कमी दिसू लागली, याचा अर्थ त्या घरांचे पाणी सुधारले, आणि त्याचाच दुसरा अर्थ असा की, ती मुले आता प्रौढ होऊन बाहेरच्या पाण्याला सामोरी जाताना पूर्णपणे उघडी आहेत. केरळात २०२४ साली ‘ए’च्या साथी उठल्या आणि त्यांत मोठी माणसे गंभीर आजारी पडली, त्याच्या मुळाशी हेच आहे. शांघायमध्ये १९८८ च्या आरंभी दूषित शिंपल्यांतून सुमारे ३ लाख माणसांना ‘ए’ झाला, त्यांतही मोठा वाटा तरुणांचाच होता. म्हणून ‘ए’ची लस ही सुस्थित, स्वच्छ घरांतील मुलांना निरर्थक आहे असा जो समज कित्येकदा ऐकू येतो, तो वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे.

गरोदर स्त्रियांविषयी थोडे अधिक लिहिणे मला कर्तव्य वाटते. अखेरच्या तीन महिन्यांत ‘ई’ झालेल्या स्त्रियांपैकी शंभरांत वीस-पंचवीसपर्यंत दगावल्याच्या नोंदी भारतातील कित्येक साथींत आहेत, आणि गर्भ दगावण्याचे प्रमाण याहूनही दुःखद आहे. तिकडे युरोपात हाच ‘ई’ डुकराच्या कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून येतो, वयस्क पुरुषांना अधिक गाठतो, आणि गरोदर स्त्रियांचा असा संहार करीत नाही. कारण तेथील विषाणू तिसऱ्या वाणाचा आहे. आपल्याकडे माणसांत पहिला वाण वावरतो. भारतातील डुकरांत मात्र चौथा वाण आढळतो हे पुण्याच्याच संशोधनाने दाखवले, आणि त्यावरून आपल्याकडील माणसांना हा रोग डुकरांपासून येत नसून माणसाच्या मैल्यापासूनच येतो हे स्पष्ट झाले. म्हणजे आपल्या देशात या स्त्रियांना वाचवण्याचा मामला सर्वस्वी पाणीपुरवठ्याचा आणि मलनिःसारणाचा आहे.

रक्तावाटे पसरणाऱ्या ‘बी’ आणि ‘सी’ यांची गोष्ट याहून निराळी आहे, कारण त्यांना सहसा साथीचे रूप नसते. ते वर्षानुवर्षे यकृतात मुकाट्याने राहतात आणि सिरॉसिस किंवा कर्करोग होऊन उघड होतात. जन्मतःच आईकडून ‘बी’ झालेल्या बालकांपैकी शंभरांत नव्वदांच्या शरीरात तो कायमचा राहतो, तर प्रौढपणी तो झाल्यास शंभरांत पाचांहूनही कमी लोकांत तसे होते. म्हणूनच तैवानने १९८४ साली नवजात बालकांपासून लसीकरणास आरंभ केला, आणि हैद्राबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये देशी लस बाजारात आणल्यापासून ती आपल्याकडे सामान्यांच्या आवाक्यात आली. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत दिलेली मात्रा हीच खरी निर्णायक असते. दवाखान्यात प्रसूती झालेल्या प्रत्येक बाळाच्या कार्डावर तिची नोंद आहे की नाही हे घरच्यांनी अवश्य पाहावे.

‘सी’च्या प्रसाराचे सर्वांत बोलके उदाहरण इजिप्तचे आहे. नाईलच्या पाण्यातून होणाऱ्या बिलहार्झिया नामक कृमिरोगाचे निर्मूलन करावे या सदिच्छेने तेथील सरकारने १९५० च्या दशकापासून जवळजवळ १९८२ पर्यंत लक्षावधी खेडूतांना अँटिमनीयुक्त औषधाची इंजेक्शने शिरेतून दिली. एकेका रोग्याला अशी अनेक इंजेक्शने घ्यावी लागत, काचेच्या पिचकाऱ्या पुन्हा पुन्हा वापरल्या जात, आणि रांगेतल्या एका माणसाच्या रक्तातला ‘सी’ दुसऱ्याच्या रक्तात जाई. त्याचे अस्तित्व तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. २००८ सालच्या देशव्यापी पाहणीत १५ ते ५९ वयाच्या लोकांपैकी १४.७ टक्क्यांच्या रक्तात ‘सी’ची प्रतिपिंडे आढळली, आणि ज्यांनी त्या काळात इंजेक्शने घेतली होती अशा वयोगटांत, विशेषतः नाईलच्या त्रिभुज प्रदेशात, हे प्रमाण याहूनही चढे होते. वयाची आणि गावाची मांडणी करताच मूळ कारण स्पष्ट झाले. पुढे सोफॉसबुविर हे तोंडाने घ्यायचे औषध निघाले. अमेरिकेत बारा आठवड्यांच्या उपचाराला ८४,००० डॉलर पडत असताना इजिप्तने ते सुमारे ९०० डॉलरला मिळवले, आणि २०१८-१९ मध्ये सात महिन्यांत जवळजवळ पाच कोटी प्रौढांची तपासणी केली. त्या तपासणीची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे: प्रथम बोटाच्या थेंबभर रक्तातून प्रतिपिंडांची परीक्षा, आणि ती होकारार्थी आल्यास विषाणूच्या आरएनएची परीक्षा, कारण प्रतिपिंडे असणाऱ्या शंभरांपैकी काही जणांनी आपल्या बळावर विषाणू घालवलेला असतो, आणि त्यांना औषधाची गरज नसते. आपल्या शेजारच्या गुजरातेत मोडासा भागात २००९ साली वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे ‘बी’ पसरला आणि कित्येकांचे प्राण गेले, तेव्हा इजिप्तचा इतिहास केवळ इजिप्तचा नाही.

आपल्याकडे कावीळ झालेला माणूस अजूनही पुष्कळदा प्रथम कावीळ उतरवणाऱ्याकडे जातो. चुन्याच्या पाण्यात हात धुतले जातात, पाणी पिवळे होते, गळ्यात माळ घातली जाते आणि ती वाढत गेल्यावर रोग उतरला असे मानतात. त्यांतील बहुतेक रोगी बरे होतात हे खरे आहे, कारण ‘ए’ आणि ‘ई’ हे धडधाकट माणसांत चार-सहा आठवड्यांत आपोआपच निघून जातात. परंतु त्याच माळेवर विसंबून सातव्या महिन्यातली गरोदर स्त्री, किंवा ज्याच्या यकृतात ‘बी’ पूर्वीपासून दडलेला आहे असा माणूस घरी बसला, तर तो काळ परत आणता येत नाही. कावीळ झालेल्या गरोदर स्त्रीला त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्यावे. तेथे बिलिरुबिनबरोबरच ‘ई’च्या आयजीएमची आणि ‘बी’च्या प्रतिजनाची परीक्षा मागून घ्यावी, आणि सुस्ती, असंबद्ध बोलणे, हिरड्यांतून रक्त यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब करू नये. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली ‘बी’ आणि ‘सी’ यांची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात, ही गोष्ट ज्यांना कळायला हवी त्यांच्यापर्यंत फारच थोडी पोहोचली आहे.

‘ई’वर लस आहे, चीनने ती २०११ साली मान्य केली. दक्षिण सुदानमधील बेंटियू येथील विस्थापितांच्या छावणीत २०२२ साली ती प्रथमच साथ चालू असताना, गरोदर स्त्रियांसह, देण्यात आली. तिच्या तीन मात्रा सहा महिन्यांत विभागलेल्या असल्यामुळे, नाल्याचे पाणी नळात शिरल्यानंतर ती टोचण्यास आरंभ करून त्या साथीतल्या पहिल्या रोग्यांना वाचवता येणार नाही. त्यांच्यासाठी पूर येताच वाहिन्यांचे जोड तपासणे आणि शहरातल्या शेवटच्या नळाला क्लोरीन उतरते की नाही हे रोज पाहणे हाच बंदोबस्त आहे. पाणी गढूळ आणि मैल्याने भरलेले असेल तर क्लोरीनही पुरत नाही, आणि अशा दिवसांत पाणी उकळूनच प्यावे लागते.